पिंजऱ्यातला गूळ
१९९४ साली गाभण उंदरणींना क्ष-किरण दिल्यावर त्यांच्या रक्तातली साखर वाढलेली दिसली, आणि बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत सर म्हैसूरपाक वाटायला निघाले. मला मात्र संशय आला. मुंग्या फक्त किरण दिलेल्या उंदरणींच्याच पिंजऱ्यांना कशा लागतात? पिंजरे धुणाऱ्या भागीरथीअक्का चामराजपेटात माझ्याच गल्लीत राहायच्या, तरी मी त्यांच्यावर दाराआडून पाळत ठेवली. दुपारी त्या गुळासकट सापडल्या. “अक्का, कुणाच्या सांगण्यावरून माझा प्रयोग नासवताय?” “कुणाच्या कशाला? त्या खोलीत नेलेल्या पोटुश्या थरथरत परत येतात. स्वल्प गूळ घालते. डोहाळे पुरवायला त्यांना माहेर कुठंय?” “आणा तो गूळ इकडे!” “घ्या. तुमचाही वाटा ठेवलाय.” मला दिवस गेलेत हे अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. अक्कांनी किरणांच्या खोलीकडे पाहिलं. “तुम्हीपण तिथे रोज जाता ना, डॉक्टरबाई?”