दिवस गेलेत का?

शालन दवाखान्याच्या बाकावर पदर डोक्याला करकचून बांधून बसली होती. मांडीवर उलटीसाठी पिशवी, आणि उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर नवऱ्याची टोपी. नवरा, म्हणजे आपला दिगू, शेजारी बसून डॉक्टरीणबाईंना आज काय उत्तर द्यायचं ते मनात घोळवत होता.

अर्धशिशी आणि मळमळ, दोन्हींवर मिळून तिला एकच गोळी लागू पडायची, पण ती पोटुशीला चालत नाही. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी बाई इतकी वर्षं न चुकता विचारायच्या, "दिवस गेलेत का?" शालन खाली बघायची. दिगू लगेच तोंड घालायचा, "अर्ज केलाय बाई, वरचा साहेब सही करत नाही!" बाई हसायच्या, शालनही हसायची. तिचे डोळे भरायच्या आत तिला हसवणं, एवढाच त्याचा धंदा.

आज बाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "बीपी ठीक आहे. पण आता या वयात बीपी तपासल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. आणि वरून डोकेदुखीची दुसरी नको." चिठ्ठी फाडून हातात दिली. पुढचा पेशंट आत आला. दिगूचं उत्तर तोंडातच राहिलं.

रिक्षात शालन टोपीखालूनच म्हणाली, "अहो, आज त्यांनी विचारलं नाही."

दिगूने काहीतरी गमतीचं शोधलं, सापडलं नाही. टोपी जरा खाली ओढून त्याने तिचे डोळे नीट झाकले.

"दिवस गेले गं," तो म्हणाला.