फेरतपासणी

"गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे. आबा रक्तदाबाची गोळी एक दिवस चुकवत नाहीत," शालू म्हणाली. काचेपलीकडे आबांचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसत होतं.

आईने पदर तोंडाला लावला. "जयसिंगला दिल्या समद्या."

शालूला आधी कळलंच नाही. जयसिंग तिचा धाकटा भाऊ. नुकताच सैन्यात भरती झालेला, पुण्यातच प्रशिक्षणाला होता. तिथे नव्या पोरांची तपासणी झाली. रक्तदाब, साखर, कमरेचा घेर. जयसिंगचा रक्तदाब जास्त निघाला. थोड्या दिवसांनी पुन्हा मोजणार होते. रविवारी आईआबा मांजरी गावाहून त्याला भेटायला गेले, तेव्हा त्याने हे सांगितलं.

आबा हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मते फौजेत डॉक्टरने पुन्हा तपासायला बोलावलं की पेटी बांधून घरची वाट धरायची. त्यांनी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून पोराच्या हातात कोंबली. "रोज एक घे. आकडा उतरतो. कुणाला बोलू नगंस."

"आणि स्वतःला?" शालूने आईला विचारलं.

"फुडल्या महिन्यात फौजेच्या दवाखान्यात मिळतीलच म्हनले. मी म्हटलं, दुकानातनं आणा. तर म्हनले, दुकानातल्या गोळीचा काय भरवसा? आन् मला काय आता परेडला उभं ऱ्हायचंय?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वाट बघू," ते म्हणाले.

शालू बाकावर बसली. रागावायचं तर कुणावर, हेही ठरेना. आईच्या हातावर हात ठेवून ती काचेकडे बघत राहिली. दुपार टळता टळता आबा गेले.

जयसिंग पोचला तेव्हा आबांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती. त्याच्या पायांत पळायचे बूट, डोक्यावर बारीक कापलेले केस. तो आबांच्या पायांशी उभा राहिला. रडलाही नाही.

शालूला एकच गोष्ट हवी होती. काहीतरी उपयोगी पडलेलं असावं.

"तुझी तपासणी झाली?"

"काल झाली."

"आकडा उतरला?"

"न्हाई. तेवढाच हाय." त्याने मान खाली घातली. "गोळ्या घेतल्याच न्हाईत मी. भ्या वाटलं. साहेबांना खरं ते सांगून टाकलं."

आई उठून उभी राहिली. शालूने भावाचा दंड धरला. "मग? काढलं तुला?"

"काढत न्हाईत गं आक्का कुणाला. फोन रविवारीच मिळतो, तवा आबांना सांगनारच हुतो." त्याने आबांच्या पायांवरची चादर सारखी केली. "मीठ कमी खा म्हनले. एवढंच."