शिवीच्या आधी

"हेमांगीताई, काढूनच टाका त्याला!" फोनवर तन्वीचा आवाज रडवेला झाला होता. हेमांगी, तन्वी आणि आणखी काही जण मोबाइलवर मराठी लिहिण्याचं मोफत ॲप हौसेनं, एका ऑनलाइन गटात बनवत होते. तन्वीनं गटात टाकलेल्या पहिल्याच कामाखाली यशोधन नावाच्या कुणीतरी सगळ्यांदेखत लिहिलं होतं, 'नुसती गाढवं जमलीत इथं.'

हेमांगीनं ती ओळ लगेच पुसली. शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढायचं, हा नियम तिनंच केला होता. पण अनोळखी माणूस एवढा का भडकला असेल, हे तिला कळेना. तिनं त्याचा नंबर मागून घेतला आणि फोन लावला.

"आधी नीटच विचारलं होतं मी," तो म्हणाला. "तुमच्या ॲपमध्ये 'ळ' दाबला की 'ल' उमटतो. आई गेल्याचा निरोप पाठवला, त्यात कमळाबाईची कमलाबाई झाली. तुमच्यापैकी कुणी साधं उत्तरही दिलं नाही."

हेमांगी ओशाळली. "चुकलंच आमचं. पण शिवी लागली ती कालच आलेल्या मुलीला."

"कालच?" त्याचा आवाज उतरला.

त्याच्या जुन्या प्रश्नाखाली हेमांगीनं सर्वांसमोर माफी मागितली. थोड्या वेळानं खाली यशोधनची ओळ आली, 'तन्वीताई, राग तुमच्यावर नव्हता. माफ करा.'

तन्वीनं लगेच विचारलं, 'तुमचा फोन कुठल्या कंपनीचा आहे? "ळ"चं काय होतंय ते बघते मी.'