करंगळीएवढी धार

चौऱ्याऐंशी साली साकोलीजवळच्या एका कारखान्यात स्टेनलेस पोलाद दोनदा फसलं होतं. तिसऱ्यांदा फसलं तर भट्टी बंद, असं मालकानं बजावलं होतं. म्हणून भट्टीवरच्या तुलारामनं वितळलेल्या रसातला ऑक्सिजन मारायला अ‍ॅल्युमिनियम घमेलंभर जास्तच टाकलं. रस शांत झाला, पण ओतताना लेडलच्या, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या बादलीच्या, तळातल्या भोकातून पडणारी मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली. “काका, धार काहून बारीक होऊन राहिली?” तुलारामनं विचारलं. भट्टीवरच्या जुन्या भैय्याजी मिस्त्रींनी डोळ्यांवरची निळी काच काढली. “अ‍ॅल्युमिनियमची राख भोकात चिकटली, बाबू. कॅल्शियम टाकलं असतं तर पातळ होऊन वाहून गेली असती.” “मंग आता टाकतो!” “उशीर झाला.” तुलारामनं हात भाजेपर्यंत सळईनं भोक खोचलं. धार तुटलीच. सहा टन पोलाद डोळ्यांदेखत लेडलमध्येच थिजून काळं पडत गेलं. फाटकाशी दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन उभी होती. त्यांना आत घ्यावं की नाही, कुणीच सांगेना.