करवलीचा दिवा

मिरजेच्या वाचनालयात शर्वाणीच्या कादंबरीवर चर्चा चालली होती. शिरगोपीकर काकांनी डोळे पुसले. "भावाच्या लग्नाचा प्रसंग फार छान उतरलाय हो. नायक अंतरपाट धरतो तिथं मला माझाच दादा आठवला."

"माझ्या पुस्तकात मुलगी आहे," मगदूमबाई म्हणाल्या. "करवली. साडी चुरगळली म्हणून रुसते. मीपण अशीच रुसले होते."

हल्ली वाचनयंत्रावर अंगठा लावला की पुस्तक उघडायचं, आणि मुख्य पात्र वाचणाऱ्याच्या सरकारी नोंदीप्रमाणे बाई किंवा पुरुष व्हायचं. पुस्तकात परकं माणूस भेटण्याची भीतीच उरली नव्हती.

"आणि मी लिहिलेली नायिका, रेवती?" शर्वाणीनं विचारलं. "मुलगा म्हणून जन्मलेली रेवती? ती लामणदिवा घेऊन भावामागे करवली म्हणून उभी राहते आणि आई भर मांडवात तो दिवा तिच्या हातातून काढून घेते. कुणालाच नाही भेटली ती?"

काका आपल्या यंत्रावर मागची पानं चाळू लागले.

"थांबा, मीच वाचून दाखवते." प्रकाशित झाल्यापासून शर्वाणीनं स्वतःचं पुस्तक उघडलं नव्हतं. काकांच्या हातातलं यंत्र घेऊन तिनं अंगठा लावला. नोंदीत अजून तिचं जुनं, मुलाचंच नाव होतं.

पानावरच्या मांडवात भावामागे फेटा बांधलेला एक तरुण उभा होता. आई कौतुकानं त्याची दृष्ट काढत होती.

"वाचा ना, ताई," काका म्हणाले.

शर्वाणी दृष्ट काढण्याची ओळ मनातच पुन्हा वाचत राहिली. आईला इतकं आनंदात तिनं कधीच पाहिलं नव्हतं.