काशाची थाळी

मैनाबाई सुईणीने थाळी उचलली, तशी बाजेवरच्या सत्यवतीने तिचा हातच धरला. "मावशी, नका वाजवू! पाया पडतो तुमच्या."

"काहून वं? लेकरू पुढं कशाले भेऊ नये म्हनून त्याच्या कानाशी वाजवाच लागते."

ते का सत्यवतीला ठाऊक नव्हतं? गोवर्धनच्या वेळी, माहेरी मेळघाटच्या डोंगरात, अशीच थाळी बडवली होती. पोर हललंसुद्धा नाही. बायकांनी तोंडात बोटं घातली. केवढं धीट! वाघाचं काळीज घेऊन आलंय! त्या वाघाला ऐकूच येत नाही, हे कळायला दीड वर्ष गेलं. आता तो चार वर्षांचा झाला, पण अजून 'माय' म्हणत नव्हता.

माहेरी निम्म्या बायकांचे गळे सुजलेले. सत्यवतीचाही. अशा बायांची पोरं मुकी निपजतात, असं तिथे दबक्या आवाजात बोलत. म्हणून सासूने, माणिकबाईने, यंदा तिला दर्यापुरातच ठेवून घेतलं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. नवरा शेषराव कापसाच्या गाड्या घेऊन थेट मुंबईला जाई, येताना समुद्राची सुकी मासळी आणी. सत्यवतीला डोहाळे लागले तेही मेले त्याच मासळीचे! सासू नाकाला पदर लावून भाजून देई. ती खाता खाता गळ्याची सूज बरीच उतरली. पण पोटातल्याचं कोण सांगणार?

"सोड हात, पोरी," माणिकबाई म्हणाली. "आज ना उद्या कळनारच हाय."

सत्यवतीने हात सोडला आणि डोळे गच्च मिटले. थाळी कडाडली.

तान्ही पोर अंगभर दचकली. दोन्ही मुठी वर उडाल्या, चेहरा लालबुंद झाला आणि तिने असं भोकाड पसरलं की पुसू नका.

"अवं माय!" मैनाबाई हिरमुसली. "हे तं लयच भित्री निघाली."

सत्यवतीने लेकीला छातीशी ओढलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. "भेली! मायी पोरगी भेली!"

माणिकबाईने डोळे पुसले.

"जा मैनाबाई, साऱ्या गावाले सांगा. म्हना, मानिकबाईची नात लय भित्री हाय!"