सुमनकचे सात दगड

पडद्यावर बरणी काळी दिसली. तिच्या तळाशी अक्रोडाएवढे सात गोळे होते, ते आणखी काळे. मलोहतने तपासणीचा पट्टा थांबवला.

"ही पिशवी कुणाची?"

रांगेतून एक म्हातारी पुढे आली. तिच्या एका हातात बूट होते, दुसऱ्या हातात दोन तिकिटं. एक दुशांबेहून ताश्कंदला आल्याचं, दुसरं पुढे सेऊलला जाण्याचं. नाव मोहशरीफ. दोन विमानांच्या मधल्या वेळात आपली पुन्हा तपासणी होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. एकदा झाली की, असं ती म्हणाली. निघताना दुशांबेच्या तपासणीवरल्या पोराने बरणी हुंगली होती, नवरोजच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि जाऊ दिलं होतं.

मलोहतने झाकण उघडलं. उघडायची खरं तर गरज नव्हती. भाजलेल्या गव्हाचा तो गोड वास तिच्या ओळखीचा होता. समरकंदला तिच्या आईनेही नवरोजसाठी आठवड्यापूर्वीच अंकुरलेल्या गव्हाच्या चिकाची कढई चढवली होती.

"सुमनक," ती म्हातारीच्या भाषेत म्हणाली.

"मग? तुला ठाऊकच आहे की." म्हातारीने बूट घालायला घेतले.

मलोहतने तिला थांबवून नियम समजावला. पातळ पदार्थ शंभर मिलीच्या वर नेता येत नाही. म्हातारीने बरणी तिच्या हातून घेतली, आडवी केली, मग उलटी धरली. सुमनक जागचं हललं नाही. यात चमचा उभा राहतो, याला पातळ म्हणता? मलोहतने कबूल केलं, की उभा राहतो. पण नियमाच्या हिशेबाने जे भाकरीवर फासता येतं, तेही पातळच. मोठ्या पेटीत ठेवलं असतं तर चाललं असतं. पण पेटी परस्पर दुसऱ्या विमानात गेली होती.

"पेटीत फुटली असती. मांडीवर घेऊन आले आहे मी तिला."

मागे बूट काखेत धरून उभा असलेला एक जाडा गृहस्थ म्हणाला, "खाला, सगळ्यांना एकेक चमचा वाढा आणि मोकळ्या व्हा. आम्हालाही विमानं आहेत." दोघेतिघे हसले.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती मलोहतशीच हळू आवाजात बोलत राहिली. मुलगा, बख्तोवर, बारा वर्षं सेऊलच्या एका कारखान्यात होता. आता इस्पितळात आहे. दिवसाकाठी दोन-तीन चमचे गळ्याखाली उतरतात, तेही मऊ असेल तर. डॉक्टरांनी आईला बोलावून घ्या म्हणून सांगितलं. फोनवर त्याने एवढं एकच मागितलं. मग गल्लीतल्या बायका जमल्या. चोवीस तास आळीपाळीने ढवळलं. तळाला लागू नये म्हणून नदीवरून सात दगड आणले, धुऊन कढईत सोडले. दर वर्षी ज्याच्या वाटीत दगड येईल त्याने तो चाटून साफ करायचा आणि मनात एक मागणं मागायचं. या वर्षी गल्लीत कुणाच्याच वाटीत दगड आला नाही. सातही म्हातारीने या बरणीत भरले होते, आणि कुणी तिला विचारलं नव्हतं.

मलोहतने मागे वळून पाहिलं. तिचा साहेब खुर्चीतून उठून इकडेच येत होता. रांगेत एक तरुण बाई कडेवर तान्हं पोर घेऊन उभी होती. मलोहतने आधी त्या पोराकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तान्ह्या मुलाचं खाणं न्यायला परवानगी असते, खाला. हे बाळासाठी आहे ना?"

तरुण बाईच्या लक्षात आलं. ती पोरासकट एक पाऊल पुढे सरकली.

"बाळासाठीच," म्हातारी म्हणाली.

साहेब पोचला होता. "केवढं आहे बाळ?"

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. घरून निघाल्यापासून हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"पानगळीत एकेचाळीस पूर्ण होतील," ती म्हणाली. "पण थंडीत डोक्याला टोपी घालेल तर शपथ."

जाडा गृहस्थ खो खो हसला. तरुण बाई एक पाऊल मागे सरकली. साहेबाने बरणीकडे बोट केलं, मग जप्त सामान टाकायच्या पिंपाकडे, आणि तो परत खुर्चीकडे गेला.

"खाला, मी तुम्हाला विचारत होते तेव्हा..." मलोहत म्हणाली. मग तिने सांगितलं, की इथे उभं राहून हवं तेवढं खा, त्याला मनाई नाही. म्हातारीने मान हलवली. या वर्षी तिने अजून चाखलंच नव्हतं. मुलाच्या आधी कसं चाखणार?

बरणी दोघींच्या मधे होती.

"आणि दगड?" म्हातारीने विचारलं.

मलोहतने जरा विचार केला. "दगड चालतात."

तिने नवे हातमोजे चढवले आणि मनगटापर्यंत हात बरणीत घातला. एकेक दगड काढून ट्रेमध्ये ठेवला. सात झाले. मग बरणी पिंपात सोडली. आत पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यांच्यावर ती पडली. फुटली नाही.

ट्रे पुन्हा यंत्रातून गेला. पडद्यावर सात काळे ठिपके आले नि सरकले. दगडांना जाड तपकिरी थर लागला होता, ट्रे चिकट झाला होता. मलोहतने ओला रुमाल घेतला आणि पहिला दगड उचलला.

म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस, पोरी. त्याला चाटायचेत."